नवोदयची परीक्षा : पाचवीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न, वर्गशिक्षिकेची उत्तरं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पालकसभेचा विषय काहीही असो, चहा येईपर्यंत बोलणं नवोदयवर येतंच. तेच ते प्रश्न इतक्या वेळा ऐकले की शेवटी उत्तरं लिहून काढली. प्रश्न पालक विचारतात त्याच क्रमाने आहेत. म्हणजे फीचा प्रश्न आधी, आणि मूल घर सोडून राहील का हा अगदी शेवटी.

मॅडम, नवोदय म्हणजे नक्की काय? खासगी आहे का?

नाही, केंद्र सरकारची निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी, सीबीएसई अभ्यासक्रम, मुलंमुली एकत्र. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आता बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात एक आहे : कोल्हापूरची कागलला, अहिल्यानगरची टाकळी ढोकेश्वरला, धाराशिवची तुळजापूरला, गडचिरोलीची घोटला, दक्षिण गोव्याची काणकोणला. शाळा मुद्दामच गावाकडे ठेवल्यात, कारण त्या गावाकडच्या मुलांसाठीच काढल्या.

फी किती?

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. परीक्षेचा फॉर्मही मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातली मुलं यांना तोही माफ आहे. पालक सरकारी नोकरीत असतील तर आकारणी वेगळी आणि जास्त असते. तेव्हा 'फॉर्म भरायचे पाचशे रुपये' असं कुणी सांगितलं तर ते पैसे नवोदयचे नव्हेत, त्या दुकानाचे आहेत.

जागा किती असतात?

सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८०. हा आकडा एका तालुक्याचा नाही, पूर्ण जिल्ह्याचा आहे. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांचं आरक्षण आहेच.

हा ८० आकडा मी सभेत फळ्यावर लिहून ठेवते. कारण तुमचं मूल हुशार असूनही त्याचं नाव न येण्याचीच शक्यता जास्त आहे. तयारी करायची ती असं बघून, की नाव आलं नाही तरी सहा महिन्यांत मुलाच्या हाताला काहीतरी लागलेलं असेल. पुढची सगळी उत्तरं मी या हिशेबाने दिली आहेत.

कोण बसू शकतं?

चार गोष्टी तपासा. मूल यंदा पाचवीत शिकत असलं पाहिजे. ते ज्या जिल्ह्यात राहतं आणि शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो. जन्मतारीख त्या वर्षीच्या माहितीपत्रकातल्या दोन तारखांच्या आत हवी (२०२६-२७ च्या प्रवेशासाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ अशी मर्यादा होती). आणि चौथी, मूल याआधी या परीक्षेला बसलेलं नसावं. ही संधी एकदाच मिळते. पाचवीत पुन्हा बसवून दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही, आणि असा सल्ला देणारे लोक मला भेटलेत म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ग्रामीण कोणाला म्हणायचं? आमचं घर तर गावातच आहे.

या प्रश्नावर दरवर्षी कुणाचं तरी रडू होतं, म्हणून सावकाश वाचा.

घर गावात असून भागत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं मुलाने ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी कोट्यात जातं. आणि 'शहरी' म्हणजे फक्त पुणे-नागपूर नव्हे. नगरपंचायतही शहरीच. आपल्याकडे २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या कितीतरी गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. गाव दिसायला तेच आहे. तीच एसटी, तोच आठवडी बाजार. पण कागदावर तिथली शाळा शहरी झाली.

आता गंमत बघा. चौथीत असलेल्या मुलाचे आईवडील ठरवतात की नवोदयची तयारी नीट व्हावी म्हणून त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू. तयारी होते. आणि ज्या ७५ टक्के जागांसाठी ती करायची, त्यांतूनच मूल बाहेर पडतं.

उलटा प्रकारही चालतो. मूल शहरात शिकतं आणि नाव खेड्यातल्या शाळेच्या पटावर असतं. असं करू नका. निवड झाल्यावर कागदपत्रांची तपासणी होते, आणि तिथं उघडं पडलं तर सगळं त्या मुलासमोर उघडं पडतं.

आम्ही दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो. मग काय करायचं?

मुलाचं नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या शाळेत जाऊ देऊ नका. पाचवी आपल्याच जिल्ह्यात हवी, नाहीतर अर्जच बाद होतो. आजी-आजोबांकडे सोय होत असेल तर उत्तम. नसेल तर गावातल्या शाळेला हंगामी वसतिगृह मिळतंय का, हे मुख्याध्यापकांना जाण्याआधी विचारा, टोळी निघायच्या आदल्या दिवशी नको. परीक्षा नेमकी हंगामाच्या मधोमध येते. हॉलतिकीट ऑनलाइन निघतं, ते काढून ठेवायचं काम वर्गशिक्षकांकडे सोपवून जा. आम्ही ते करतो.

परीक्षा कशी असते?

एकच प्रश्नपुस्तिका, दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न (५० गुण), अंकगणिताचे २० (२५ गुण), भाषेचे २० (२५ गुण). म्हणजे प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा. चार पर्यायांतला एक निवडून ओएमआर उत्तरपत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल रंगवायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. येत नसेल तर आधी दोन अगदीच न पटणारे पर्याय खोडायचे आणि उरलेल्या दोनांतला एक घ्यायचा.

तयारी केव्हा सुरू करायची? दिवाळीनंतर पुरे ना?

नाही पुरे. २०२५ च्या प्रवेशाची परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली, तर त्यापुढच्या प्रवेशाची १३ डिसेंबर २०२५ लाच. जानेवारी गृहीत धरून बसलेल्यांचा महिना गेला. जूनमध्ये सुरू करा आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शिकवून संपवा. पुढचे दिवस फक्त सरावाचे. फॉर्मही पावसाळ्यातच निघतो, म्हणून शाळा उघडली की मुख्याध्यापकांच्या मागे लागा.

रोज किती तास?

दहा वर्षांच्या मुलाला शाळेव्यतिरिक्त एक तास, शेवटचे दोन महिने दीड. यापेक्षा जास्त बसवलं तर मूल नुसतं बसतं, अभ्यास होत नाही. पेन्सिलीला टोक काढायला दहा मिनिटं लागायला लागली की समजावं, आज पुरे.

सगळ्यात आधी काय घ्यायचं? गणित ना?

सगळे गणितच म्हणतात. मी वाचन म्हणते.

भाषेच्या विभागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. उतारे अवघड नसतात. पण आपली मुलं उतारा वाचतच नाहीत, थेट प्रश्नाकडे उडी मारतात, प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि त्याच्या शेजारचं जे असेल ते उत्तर म्हणून रंगवतात. 'लेखकाला काय वाटतं', 'उताऱ्याला योग्य शीर्षक कोणतं' असा प्रश्न आला की ही युक्ती संपली.

आणि गणितात तरी दुसरं काय होतं? हे उदाहरण मी दरवर्षी देते : 'एका स्थानकातून एका गावाची एसटी दर ४० मिनिटांनी आणि दुसऱ्या गावाची दर ६० मिनिटांनी सुटते. सकाळी ७ वाजता दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम केव्हा सुटतील?' निम्मा वर्ग चटकन १२० म्हणतो. लसावि बरोबर आहे. पण एसटी १२० वाजता सुटते का? उत्तर आहे ९ वाजता. म्हणजे इथं गणित आलं होतं, नडलं ते वाचन.

म्हणून घरी एवढं करा : रोज पंधरा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं आणि घरातल्या कुणीतरी ऐकायचं. वर्तमानपत्र, किशोर मासिक, खताच्या पिशवीवरचा मजकूर, काहीही चालेल. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी बिघडत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी शाळेत गेलेली नव्हती. नात वाचायची आणि आजी मध्येच थांबवून विचारायची, 'मग त्या बाईनं असं का केलं?' याहून चांगला उताऱ्यावरचा प्रश्न मला सुचत नाही.

आणि गणितात काय काय येतं?

संख्याज्ञान, चार मूलभूत क्रिया, विभाजक-विभाज्य (लसावि-मसावि त्यातच), अपूर्णांक, दशांश, त्यांची एकमेकांत रूपांतरं, पदावली सोडवणं, मापन, परिमिती, क्षेत्रफळ, कोनांचे प्रकार, आलेखावरून माहिती वाचणं आणि नफा-तोटा.

नफा-तोट्याबद्दल अलीकडच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की टक्केवारी न काढता. बाजारातल्या जाडजूड मार्गदर्शिकांमध्ये मात्र अजून शेकडा नफा, सरळव्याज सगळं भरलेलं असतं, कारण जुनी पानं काढायचे कष्ट कोण घेणार? पाचवीच्या पोराकडून सरळव्याजाची सूत्रं पाठ करून घेणारे पालक बघितले की मला वाईट वाटतं. आधी त्या वर्षीचं माहितीपत्रक उतरवून घ्या आणि पुस्तकातले जे धडे त्यात नाहीत त्यांवर सरळ काट मारा.

काय पक्कं हवं? ३० पर्यंतचे पाढे, १ ते ३० चे वर्ग, विभाज्यतेच्या कसोट्या, आणि अपूर्णांकाची बेरीज-वजाबाकी डोळे झाकून यावी इतकी. आपल्या मुलांची घसरगुंडी बहुतेक अपूर्णांकावरच होते. भाकरीचे तुकडे करून शिकवा. तीनचतुर्थांश भाकरीतून अर्धी खाल्ली की किती राहिली, हे ताटात दिसलं की छेद समान का करायचा ते वेगळं समजवावं लागत नाही.

बुद्धिमत्तेचं आम्हाला स्वतःलाच येत नाही, मुलाला काय सांगणार?

यात घाबरण्यासारखं काही नाही. मानसिक क्षमतेचे प्रश्न पूर्ण आकृत्यांचे असतात, वाचायला जवळजवळ काही नसतं. दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न : गटात न बसणारी आकृती, हुबेहूब जुळणारी आकृती, अपुरी आकृती पूर्ण करणं, आकृत्यांची मालिका, समसंबंध, त्रिकोण-चौरस-वर्तुळ पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडणं, तुकडे जोडून आकृती ओळखणं, आणि लपलेली आकृती शोधणं.

निम्मे गुण इथं आहेत आणि सरावाने सगळ्यात लवकर वाढतात तेही इथलेच. पुस्तकाआधी हात वापरा. जुन्या वहीचा कागद घ्या, दोन घड्या घाला, पेन्सिलीने भोक पाडा. उलगडायच्या आधी मुलाला विचारा, भोकं किती आणि कुठं? मग उलगडून बघा. चार दिवसांत मूल तुम्हालाच हरवायला लागेल. घरातला आरसा वहीशेजारी उभा धरा आणि घड्याळाचं चित्र, बाण, इंग्रजी अक्षरं त्यात बघू द्या. डावं-उजवं उलटतं, वर-खाली तसंच राहतं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की नियम पाठ करावा लागत नाही. तुकडे जोडण्यासाठी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापा.

त्यानंतर सराव संच. यात वेग आला की वेळही वाचतो. ४० आकृत्यांसाठी तास धरलेला असतो. सवयीचं मूल चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत उरकतं आणि उरलेली मिनिटं उताऱ्यांना देतं.

आमचा सेमीला आहे. फॉर्ममध्ये माध्यम कोणतं लिहू?

पुस्तिका एकाच भाषेत मिळते, उताऱ्यांसकट. सेमीच्या बहुतेक मुलांना इंग्रजी उतारे जड जातात, म्हणून मी मराठी सुचवते. मग फक्त गणिताचे शब्द मराठीत करून घ्यायचे. त्याला न्यूमरेटर माहीत असतो, अंश माहीत नसतो. पेरिमीटर येतो, परिमिती म्हटलं की बावचळतो. अशा साठेक शब्दांची यादी भिंतीवर चिकटवा, दोन आठवड्यांत काम होतं. हॉलतिकीट आल्यावर त्यावरचं माध्यम बघा.

क्लास लावू का? निवासी क्लासवाले तर निवडीची हमी देतात.

८० जागांची हमी कोण देणार? ती देणाऱ्याच्या हातातच नाही. फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. तिथंच बसून निवड न झालेल्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

गावात एखादे शिक्षक शाळा सुटल्यावर तासभर घेत असतील, तर जरूर पाठवा. मुलाला मुलांबरोबर स्पर्धा करायला आवडतं. पण तिसरी-चौथीतल्या मुलाला वर्षभर निवासी क्लासला ठेवणं मला पटत नाही. एक तर शाळा एकीकडे आणि मूल दुसरीकडे, म्हणजे पटावरचा खोटेपणा आला. दुसरं, त्या खोल्यांतून परत आलेली काही मुलं मी पाहिलीत. प्रश्नाचा नमुना बदलला की हात आखडतात, आणि गोष्टीचं पुस्तक दिलं तर विचारतात, 'हे परीक्षेला आहे का?'

तुम्हाला हे माझं मत पटेलच असं नाही. घरात अभ्यासाला कोपरा नाही, आईवडील दोघंही कामावर, अशा वेळी क्लास हाच आधार वाटतो, ते मला कळतं. मग निदान दिवसाचा लावा.

मोबाइलवर व्हिडिओ बघून होईल का?

आकृत्यांचे प्रकार समजायला उपयोग होतो. पण बघणं म्हणजे सोडवणं नव्हे. एक व्हिडिओ, मग मोबाइल आईकडे, मग वहीत दहा प्रश्न.

उत्तरपत्रिकेचा सराव वेगळा करावा लागतो का?

लागतो, आणि तो कुणी करत नाही. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी. तेविसावा प्रश्न अवघड म्हणून तिने सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाच्या ओळीत रंगवलं. तिथून पुढचं सगळं एकेक घर सरकलं. शेवटी एक ओळ उरली तेव्हा तिच्या लक्षात आलं. पेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. बाहेर येऊन ती काही बोललीच नाही. गाडीत बसल्यावर रडली. चूक माझी होती, मी वर्षभर सराव वहीत घेतला होता.

तेव्हापासून ऑक्टोबरपासूनचा प्रत्येक सराव पेपर झेरॉक्स काढलेल्या ओएमआरवरच घेते. नियम दोनच. प्रश्न सोडला तर पुस्तिकेत त्याच्या आकड्याला मोठा गोल करायचा. आणि दर दहा प्रश्नांनी बोट ठेवून आकडा जुळवायचा. सराव रविवारी सकाळी साडेअकराला लावा, कारण खरी परीक्षाही साडेअकरा ते दीडच असते. जेवायच्या वेळेला डोकं चालवायची सवय मुलाला नसते.

सैनिक स्कूलचीही तयारी सोबत होईल का?

काही भाग. सातारची सैनिक स्कूल १९६१ ची, देशातली पहिली. चंद्रपूरलाही २०१९ पासून आहे. तिथल्या सहावीच्या परीक्षेत १२५ प्रश्न आणि ३०० गुण, त्यातले १५० एकट्या गणिताचे. सामान्य ज्ञानही असतं, पुढे वैद्यकीय तपासणी आणि शुल्कही. नवोदयला निम्मा भार आकृत्यांवर आहे, तिथं गणितावर. गणितात रमणारं मूल असेल तर दोन्ही द्या. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीला असायची, तेव्हा तिची तयारी मात्र नवोदयबरोबर आपोआप बरीच व्हायची.

नाव आलं नाही तर मुलाला काय सांगायचं?

निकाल आधी तुम्ही बघा, शाळेच्या ग्रुपवर मुलाला कळू देऊ नका. मग सरळ सांगा, यादीत नाव नाही. 'थोडक्यात हुकलं' असं खोटं सांगू नका आणि शेजारच्या मुलाचं नाव काढू नका. पहिल्या यादीतली काही मुलं जागा सोडतात, म्हणून प्रतीक्षा यादी लागते. त्याकडे तुम्ही लक्ष ठेवा, मुलाला रोज विचारायला लावू नका. आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, तीही लक्षात असू द्या.

नाव आलं! आता कागदपत्रं?

जन्मदाखला, रहिवासी पुरावा, तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत शिकल्याचं मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला. ओबीसी असाल तर दाखला केंद्राच्या यादीनुसार लागतो, राज्याचा चालत नाही. सेतू केंद्रात तसं स्पष्ट सांगा आणि निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

निवड झाली, पण तो म्हणतो मी जाणार नाही. आणि खरं सांगू का मॅडम, माझाही जीव होत नाही.

हा प्रश्न जूनमध्येच विचारायला हवा होता, पण कुणी विचारत नाही. परीक्षेला बसवतानाच मुलाला सांगा की ही राहायची शाळा आहे. शक्य असेल तर फॉर्म भरण्याआधी एकदा त्याला नेऊन शाळा बाहेरून तरी दाखवा. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हेही माहीत असू द्या.

नकार आला तर चार दिवस थांबा आणि कारण ऐका. बऱ्याचदा कारण छोटं असतं : रात्री लघवीला एकट्याने जायची भीती, नाहीतर म्हशीचं नुकतंच झालेलं रेडकू. या गोष्टींवर तोड निघते. पण कारण खोल असेल, मूल जेवेनासं झालं असेल, तर पाठवू नका. गावच्या शाळेत शिकूनही माणसं शिकतात, मी त्यातलीच एक.

जायचं ठरलं तर मे महिन्यात रोज थोडं थोडं शिकवा : स्वतःचे कपडे धुणं, पांघरूण घडी करणं, वेणी घालणं, ताटातलं नावडतं संपवणं, पोट दुखलं तर न लाजता मोठ्या माणसाला सांगणं. पेटीला दोन किल्ल्या असलेलं कुलूप घ्या, एक किल्ली तुमच्याकडे ठेवा. कपड्यांवर नाव पेनने लिहू नका, तिसऱ्या धुण्याला जातं. दोऱ्याने घाला. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. त्याने खडूने अक्षरं काढून दिली आणि तिने त्यावरून लाल दोऱ्याने टाके घातले, चौदा कपड्यांवर.